कळकलेलं पाणी

केडगावच्या मोहियोद्दीननं भरलेल्या बॅटरीला गुलाबाचा वास येतो, असं लढाईनंतरच्या त्या वर्षांत लोक म्हणत. त्यात फारसं खोटं नव्हतं. त्याचे वडील बाबाजान गुलाबपाणी काढायचे. त्यांची तांब्याची देग आणि तिची लांब नळी घरात पडून होती. लष्कराच्या वर्कशॉपात काम शिकून आलेल्या मोहियोद्दीनला बॅटरीत विहिरीचं पाणी चालत नाही, उकळून, वाफ थंड करून काढलेलंच लागतं, हे ठाऊक होतं. त्यानं देग चुलीवर चढवली आणि दुकान मांडलं. बॅटरीच्या बाबतीत तो स्वतःला मोठा शहाणा समजे. लोकही समजत, त्यामुळं तो जास्तच बिघडला होता.

नेवाशाला राधाकृष्णशेठांची तेलाची गिरणी होती. तिथलं इंजिन लष्कराच्या लिलावातलं, एवढं थोरलं की हँडल मारून चालू करायची कुणाची छाती नव्हती. दोन बॅटऱ्या जोडायच्या, बटण दाबायचं, सेल्फ फिरला की इंजिन धडधडायला लागे. सेहेचाळीस सालच्या थंडीत ते नुसतं कण्हायला लागलं. मोहियोद्दीननं बॅटऱ्या डायनॅमोवर भरून धाडल्या, की चार दिवसांत पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला शेठनी त्यालाच बोलावून घेतलं.

"माझ्याकडनं बॅटऱ्या भरूनच येत्यात," मोहियोद्दीन म्हणाला. "तुमचा ड्रायव्हर बटनावर बोट ठिवून बसत आसंल."

इंजिनड्रायव्हर कानिफनाथ तिथंच उभा होता. नऊ वर्षं गिरणीत काढलेला माणूस. "मागं दोन दिस गिरनी बंद हुती," तो म्हणाला. "म्या हात बी लावला न्हाई. नुसत्या ठिवल्या तरी उतरत्यात."

त्याच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही. बॅटरीतलं त्याला काय कळतं, असं मोहियोद्दीनच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. शेठनी कानिफनाथला येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत दिली. तोवर इंजिन सुधारलं नाही, तर घरी बसायचं.

दोन दिवसांनी मोहियोद्दीन जेवायला बसला, तर त्याच्या बायकोनं, खातूननं, पुढ्यातलं ताक उचललं आणि मोरीत ओतलं.

"कळकलंय," ती म्हणाली. "तांब्याच्या पातेल्याची कल्हई पार गेली. लढाईपास्नं कथील कुठं मिळतंय? समद्या भांड्यांचं आसंच झालंय."

मोहियोद्दीनचा घास हातातच राहिला. तो उठून परसात गेला. काठीला फडकं बांधून त्यानं देगेच्या नळीत सारलं आणि बाहेर ओढलं. फडकं हिरवंगार झालं होतं. अब्बा दर सणाला या नळीला आतून कल्हई करून घ्यायचे. त्यानं एकदाही केली नव्हती. तांबं पाण्यात उतरत होतं आणि ते पाणी तो बॅटऱ्यांना पाजत होता. तरी मन मानेना. दुकानातली एक चांगली बॅटरी त्याच पाण्यानं आणि नव्या ॲसिडनं भरून, चार्ज करून, कशालाही न जोडता त्यानं कोपऱ्यात ठेवली. चौथ्या दिवशी ती उतरलेली होती. कानिफनाथ बोलला होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. कुठूनतरी कथील मिळवायचं, नळीला कल्हई करायची, शेठकडं दुसऱ्या बॅटऱ्या धाडायच्या. नवा ड्रायव्हर आल्यावर इंजिन चालू झालं असतं आणि सगळे म्हणाले असते, मोहियोद्दीनचंच खरं. हा विचार त्याच्या मनात आला, बराच वेळ राहिलाही. त्याची त्याला मरेपर्यंत लाज वाटली.

बाजाराच्या दिवशी तो सर्व्हिस मोटारीनं नेवाशाला उतरला. कानिफनाथ पाने-पकडी पुसून नव्या माणसाच्या हवाली करत होता. मोहियोद्दीननं ते हिरवं फडकं शेठपुढं टाकलं आणि चारचौघांत सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस तू आम्हाला नासकं पाणी घातलंस?" शेठ म्हणाले.

"व्हय."

कानिफनाथचं काम राहिलं. गिरणीच्या बॅटऱ्या मात्र त्या दिवसापासून दुसरीकडं जायला लागल्या.

मोटार सुटेपर्यंत कानिफनाथ त्याच्याजवळ उभा राहिला. त्यानं आभार मानले नाहीत, आणि का मानावेत? "मोहियोद्दीनभाई," तो शेवटी म्हणाला, "म्या त्याच दिशी सांगितलं हुतं. तुमी मला येकदा बी इचारलं न्हाई."



पुढं त्यानं देगेला कल्हई केली आणि तिच्यात पुन्हा गुलाबपाणीच काढलं. बॅटरीच्या पाण्यासाठी काचेचं भांडं आणलं. वासाची ख्याती गेली. दुकानात एक नवीच रीत मात्र पडली. कुणीही बॅटरी घेऊन आलं, की ॲसिड तपासायच्या नळीला हात लावण्याआधी तो त्याला समोर बसवायचा.

"इंजिनावर कोन आस्तं? तुमीच का?" तो विचारायचा. "मग आधी तुमी सांगा."