वरच्या मजल्याचा करार

नातवंडांनो, आशागडच्या आपल्या घराचा वरचा मजला एका कंपनीच्या प्रयोगशाळेला भाड्याने दिला होता. त्यांचे हिशेबनीस दर मार्चला तलासरीहून येत आणि प्रत्येक यंत्राला हात लावून यादीत खूण करत. नाव मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या वेळी ते म्हणाले, "आजी, जागा किती वर्षं देणार? तेवढाच करार वहीत दाखवता येतो. पाच लिहू?"

"एकच लिहा. नातवंडं परत येणार आहेत."

"ती दर वर्षी येणारच असतात, आजी!" ते हसले. मग हळूच म्हणाले, "एका वर्षासाठी कंपनी इथे थांबणार नाही. इथे कामाला असलेल्या चार मुलींचं काम जाईल."

तरी मी एकच लिहायला लावलं. प्रयोगशाळा गेली, मुली घरी बसल्या. येणार असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात; ते मीच ठरवलं होतं.