मालिकेतले क्रोटन

"मावशी, झाडं बदललीत तुम्ही," हातातला फोटो नाचवत चंद्रप्रकाश म्हणाला, आणि प्रेमा कांदळगावकरच्या मस्तकात तिडीक गेली.

गोरेगावच्या एका स्टुडिओत, उघड्यावर उभ्या केलेल्या खोट्या बंगल्याच्या खोट्या अंगणात ती उभी होती. समोर क्रोटनच्या कुंड्यांची रांग. चंद्रप्रकाश दूरदर्शनसाठी चाललेल्या एका मालिकेचा सहायक दिग्दर्शक. मागच्या दृश्यात पदर कुठल्या खांद्यावर होता, कपात चहा किती होता, ते पुढच्या दृश्यात जुळतंय की नाही हे बघणं त्याचं काम. त्याला तो 'कंटिन्युटी' म्हणायचा, आणि दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा की तो शब्द कानावर पडला तरी प्रेमाचं पित्त खवळायचं.

"बदलली नाहीत रे बाबा. तीच कुंडी, तीच माती, तेच झाड."

"तेव्हा हिरवीगार होती. आता लाल-पिवळी आहेत! गोष्टीत मध्ये फक्त एक दुपार गेलीय."

"तुझ्या गोष्टीत दुपार गेली असेल. हितं दसऱ्यापासूनचं ऊन त्यांच्या अंगावरनं गेलं."

बाजूला दत्ताराम, तिचा नवरा, हातगाडीला टेकून तंबाखू मळत होता. "झाडाक खंय कळता कंटिन्युटी?" तो शांतपणे म्हणाला. त्याच्या त्या शांतपणाचाही प्रेमाला संताप आला.

शूटिंगला कुंड्या भाड्याने द्यायचा हा धंदा तिने काही ठरवून केला नव्हता. संपानंतर दत्तारामच्या गिरणीचं गेट पुन्हा उघडलंच नाही. तेव्हा चाळीतल्या गॅलरीत तिने हौसेने लावलेली झाडं बघून सेटवरचा एक सुतार म्हणाला, एक दिवसासाठी द्याल का. एक दिवस म्हणून नेलेली झाडं आठवड्याने परत आली. एका कुंडीत विड्यांची थोटकं, एकीत उकळता चहा ओतलेला, आणि मोठ्या पानाच्या झाडाला चक्क खिळा ठोकून त्यावर कोणीतरी छत्री अडकवलेली. पुन्हा एक पान देणार नाही, असं प्रेमाने सांगून टाकलं. पण घर चालायला हवं होतं. चाळीमागच्या मोठ्या जांभळाखाली तिने पत्र्याची शेड घातली, कुंड्या वाढवल्या, दत्तारामला हातगाडी आणून दिली. तेव्हापासून तिची झाडं राजवाड्यात, हॉस्पिटलात, व्हिलनच्या बंगल्यात, सगळीकडे जाऊन आली होती. आणि प्रत्येक वेळी काही ना काही वाट लागूनच परत आली होती.

या मालिकेच्या वेळी चंद्रप्रकाश स्वतः शेडवर आला होता. जांभळाच्या गार सावलीत क्रोटन कसे टवटवीत दिसत होते. रुंद, मऊ, गडद हिरवी पानं. "झकास! हेच पाहिजेत," तो म्हणाला.

"कुठं ठेवणार? उन्हात?"

"अंगण आहे मावशी. अंगणात ऊन असणारच."

"मग पंधरवडाभर थांब. रोज थोडं थोडं उन्हात सरकवते. एकदम नेलीस तर पोळतील."

"उद्या सकाळी शिफ्ट आहे. पंधरवडा कुठून आणू?"

आणि नेली. ऑक्टोबरचं ऊन, त्यात नटांच्या तोंडावर उजेड पाडायला उभे केलेले चंदेरी पत्रे. ते ऊन उलटं फिरून पुन्हा झाडांवरच. तिसऱ्या दिवशी प्रेमा पाणी घालायला गेली तर पानांवर पांढुरके चट्टे पडलेले, मधोमध कागदासारखे वाळलेले. वर चंद्रप्रकाशच तिला म्हणतो, "मावशी, रोगट माल दिलात."

"रोगट तुझं..." शब्द तिने गिळला. समोर मोठे साहेब, म्हणजे दिग्दर्शक, बसले होते.

मग सगळ्यांनी आपापली अक्कल चालवली. सेटवरच्या पेंटरने चट्ट्यांवर हिरवा रंग फासला. तो दुपारी वितळून नायिकेच्या साडीला लागला. चंद्रप्रकाशने भर बारा वाजता झाडांवर बादल्या ओतायला लावल्या. पाण्याने बरं वाटेल असं प्रेमालाही वाटलं, म्हणून तिनेही सकाळ-संध्याकाळ ओतलं. दोन कुंड्यांची मुळं कुजली. ती चूक तिचीच होती, आणि म्हणूनच ती दिवसभर दत्तारामवर खेकसत राहिली. शेवटी कुजलेल्या दोघांच्या जागी शेडमधून नवी हिरवी झाडं आणून दिली, तर आठवड्याच्या आत तीही पोळली.

त्या मालिकेत सासूचं काम करणाऱ्या अनुपमाबाई मुलुंडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. नाटकाची आवड, सुट्टी काढून यायच्या. सासूच्या अंबाड्यात, कपाळावर आडवं कुंकू लावून, त्या एकदा कुंड्यांपाशी बसून पानं चाचपत होत्या. प्रेमा करपलेली पानं खुडत होती.

"ही सगळी नका खुडू," त्या म्हणाल्या. "अर्धं पान हिरवं असेल तर राहू द्या, त्याच्यावरच झाड नवं पान काढेल. जुनी पानं सावलीत घडलेली आहेत. त्यांना एवढा उजेड पचवता येत नाही. जी करपली ती करपली. पण हे बघा, शेंड्याचं कोवळं पान उन्हातच उघडतंय. हे लहान होईल, जाड होईल. रंगही धरेल."

"रंग का?"

"जास्तीचं ऊन अडवायला. आपण डोक्यावर पदर घेतो ना, तसं काहीसं समजा. आणि भर दुपारी बघा, काही झाडं पानंच खाली झुकवतात, म्हणजे ऊन थेट अंगावर येत नाही. संध्याकाळी पुन्हा सरळ."

प्रेमा त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाई, एवढं ठाऊक होतं तर पहिल्याच दिवशी त्या पोराला सांगायचं ना!"

"सांगितलं हो," अनुपमाबाई हसल्या. "तो म्हणाला, तुम्ही तुमचे संवाद पाठ करा."

त्या म्हणाल्या तसंच झालं. थंडी पडेपर्यंत टिकलेल्या झाडांना नवी पानं फुटली. आखूड, चिवट, बोटात धरली तर चामड्यासारखी लागणारी. हिरव्यात पिवळ्या शिरा आल्या, मग केशरी, मग चक्क तांबडा. झाडं आता त्या पत्र्यांच्या झळीतही ताठ उभी. प्रेमाला त्यांचं कौतुक वाटलं. वाटतं न वाटतं तोच चंद्रप्रकाश फोटो घेऊन आला.

आणि आता तो म्हणत होता, "मला काही माहीत नाही. उद्या हिरवी आणा."

"हिरवी आणली की चार दिवसांत करपतात. करपली की तू मला रोगट म्हणतोस. जगली की लाल होतात. लाल झाली की मला चोर म्हणतोस. मी करू काय? झाडांना समजावू?"

"मावशी, ओरडू नका."

"ओरडणार! अहो, गाडी लावा!" हे दत्तारामला. आणि प्रेमाने खरोखरच कुंड्या उचलायला सुरुवात केली. कॅमेरा लावलेला, नायिका पायरीवर रडायच्या तयारीत बसलेली, आणि तिच्या मागून एकेक झाड चालू लागलं. मोठे साहेब खुर्चीतून "अरे, अरे" करत उठेपर्यंत अर्धं अंगण रिकामं झालं होतं.

"भाडा जाता तर जाऊ दे," दत्ताराम गाडी ढकलताना म्हणाला. "शांत रव गो."

"तुम्ही एक बोलू नका," प्रेमा म्हणाली, आणि फाटकापर्यंत स्वतःच बोलत राहिली.

चंद्रप्रकाशने प्लास्टिकची झाडं आणली. ती पाणी मागत नाहीत, रंग बदलत नाहीत, असं तो सगळ्यांना सांगत होता म्हणे. पण प्लास्टिकला ऊन सोसायची कसलीच युक्ती येत नाही. महिन्याभरात पानं फिकी पडली, पत्र्यांसमोरची तर वाकून केळीच्या सालीसारखी लोंबायला लागली. एका सकाळी चंद्रप्रकाश शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले.

"मावशी, लालच द्या. साहेब पहिलं दृश्य लाल झाडांसकट पुन्हा घेतायत."

प्रेमाला चार शब्द सुनावायचे होते, तयारही होते. पण तो इतका पडेल दिसत होता की तिने आधी चहा दिला आणि मग सुनावले. त्याने ऐकून घेतले. तिने परत आणल्यावर ते क्रोटन शेडबाहेर उघड्या उन्हातच ठेवले होते, ते नशीब. सावलीत ठेवले असते तर नवी पानं पुन्हा हिरवी फुटली असती आणि सगळं पहिल्यापासून.

मालिका लागली ती मार्चमध्ये. चाळीत टीव्ही एकाच घरी, भाऊराव पाटकरांकडे. प्रेमाने संध्याकाळचा स्वयंपाक लवकर आटपला, सगळ्या बिऱ्हाडांना आवर्जून सांगितलं, आणि पहिल्या रांगेत बसली. नावं सरकली. नायिका पायरीवर येऊन बसली. तिच्या मागे क्रोटनची रांग, स्पष्ट, अगदी पान न् पान.

भाऊरावांचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. तांबडं, पिवळं, हिरवं, सगळं एकाच राखाडी रंगाचं.

"खंयची लाल आणि खंयची हिरवी?" दत्तारामने विचारलं.

"गप बसा," प्रेमा म्हणाली. मग तिलाच हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. पुढचे संवाद कोणालाच ऐकू आले नाहीत आणि भाऊरावांच्या बायकोने तिला दोनदा दटावलं.