दुसऱ्या कॉलेजचं पत्र

पुण्यात मी इतिहास शिकवायचे. शारजात अल मजाजला राहायला आल्यापासून घरीच मुलांची इंटरव्ह्यूची तयारी करून घेते. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे अठरा वर्षांची एक मुलगी यायची. तिला आई नव्हती. वडिलांचं दुबईत अल क्वोजमध्ये खिडक्या बनवायचं वर्कशॉप. तिला इंग्लंडमधल्या एका जुन्या विद्यापीठात इतिहास शिकायचा होता.

त्या विद्यापीठाच्या गावातली एक जुनी दंगल तिला तोंडपाठ होती. वाइन वाईट म्हणून विद्यार्थ्यांनी गुत्तेवाल्याला मारलं, मग गावकऱ्यांनी खोल्यांत घुसून विद्यार्थी कापून काढले. "दे वेअर माय एज, मावशी," ती म्हणायची.

त्या विद्यापीठात बरीच कॉलेजं आहेत, अर्ज त्यांतल्या एका कॉलेजात करायचा असतो. ते वडिलांनी निवडलं होतं, सगळ्यात प्रसिद्ध. वर्कशॉपमध्ये त्याचा फोटोही लावला होता. जानेवारीत एका दुपारी ती माझ्याकडे असतानाच तिच्या फोनवर उत्तराचं पत्र आलं. त्या कॉलेजात जागा नव्हती, पण त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या कॉलेजने तिला घेतलं होतं. आम्ही दोघी आनंदाने रडलो. तेवढ्यात वडील तिला न्यायला आले.

त्यांनी तिचा फोन हातात घेतला. "हे कुठलं नाव?"

"दुसऱ्या कॉलेजने घेतलं, बाबा. इट्स द सेम युनिव्हर्सिटी."

"म्हणजे त्यांनी हाकललं. खलास. आणि मला बनवतेस?"

थप्पड इतकी जोरात बसली की तिचा चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. ती टेबलावर कोसळली. त्यांनी तिचे केस धरून तिला दाराकडे ओढलं आणि पाठीत लाथ घातली. मी मध्ये पडले, तर त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. तोंडात रक्ताची चव आली. मी आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नव्हता. टेबलावरची पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि त्यांच्या मनगटावर हाणली. एकदा, आणि सोडेनात म्हणून पुन्हा. तेव्हा केस सुटले.

ते मनगट धरून खाली बसले. मी दारात बाटली घेऊन उभी राहिले आणि रक्त पुसत त्यांना सांगितलं, की तिथे राहणं, जेवण, रोजचं शिकणं कॉलेजात; परीक्षा आणि डिग्री मात्र विद्यापीठाची. एका कॉलेजात जागा संपली की चांगली मुलं दुसरं कॉलेज घेतं.

"डिग्री एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच."

ते मुलीकडे वळले. "मग नीट सांगायचं ना."

"डोन्ट टच मी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती माझ्याकडेच राहिली. मी पोलिसांत जायला निघाले होते, पण तिने हात धरला. तिचा इथे राहायचा व्हिसा वडिलांच्या नावावर होता, आणि तो गेला तर सगळंच गेलं, असं तिला वाटत होतं. मी ऐकलं. ते बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

सप्टेंबरमध्ये मीच तिला एअरपोर्टवर सोडलं. वडील आले होते, लांब उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

फी ते वेळेवर भरतात. मधून मधून मला फोन करतात. "मॅडम, कशी आहे ती?" मी "बरी आहे" एवढंच सांगते आणि फोन ठेवते.