आधीच्या शिफ्टचं गाढव

सुखदेवराव रामटेक्यांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. ज्या काही झाल्या त्या आधीच्या शिफ्टनं केल्या.

खडकीच्या कारखान्यात टूलरूममध्ये उभी नोकरी काढली की ही सवय लागतेच. सकाळी मशीनपाशी यायचं, काही बिघडलेलं दिसलं की डबा खाली ठेवायच्या आत म्हणायचं, "नाइटवाल्यांनी वाट लावली." रात्री नाइटवाले येऊन तेच वाक्य सकाळवाल्यांच्या नावानं म्हणत. त्यामुळे तिथे घोटाळे भरपूर झाले, पण ते करणारा एकही सापडला नाही आणि सगळे हार घालून घेऊन सन्मानानं घरी गेले.

पंचाईत झाली ती कात्रजच्या फ्लॅटवर आल्यावर. इथे शिफ्ट एकच. म्हणजे सुखदेवराव आणि त्यांची बायको जया. जयाबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. माणूस कितीही विव्हळला तरी आधी थर्मामीटर झटकायचा, मग त्याच्याकडे बघायचं, हा त्यांचा खाक्या. सुखदेवरावांनी "बाथरूमचा नळ कोणी एवढा आवळला?" असं ओरडून विचारलं की त्या शांतपणे म्हणत, "तुम्हीच. पण ते सकाळचे तुम्ही. ते आता ड्युटीवर नाहीत."

निवृत्त झाल्यावर सुखदेवरावांनी टेबल सॉ घेतला. टेबलाच्या मधोमध गोल करवत फिरते आणि लाकूड पुढे सरकवलं की कापलं जातं, ते मशीन. लोक म्हातारपणी काशीला जातात, गुडघे बदलतात. यांनी मशीन आणलं आणि आपल्या वाटणीच्या पार्किंगमध्ये नेऊन बसवलं. चारचाकी नव्हतीच, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. त्यावर त्यांनी शेजारच्या सुशीलाबाईंना चपलांचं कपाट करून दिलं. त्याचं दार आपोआप उघडतं. सुशीलाबाई पाहुण्यांना सांगतात, "सेन्सर आहे."

मग अभय, जयाबाईंचा धाकटा भाऊ, बदली होऊन बंगळुरूला गेला आणि आपली जुनी गाडी बहिणीला देऊन गेला. जयाबाई साठीच्या तोंडावर ड्रायव्हिंग शिकल्या. क्लासचा मास्तर दोनदा रडकुंडीला आला, पण लायसन्स मिळालं. गाडी मात्र रस्त्यावर, झाडाखाली, कावळ्यांच्या ताब्यात. जयाबाई रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन खाली उतरत आणि जाता जाता पार्किंगमधल्या मशीनकडे असं बघत, जसं वॉर्डात बरा होऊनही बेड न सोडणाऱ्या पेशंटकडे बघतात.

"अहो, मशीन बाहेर पावसात गंजेल हे कळतं मला," त्या एकदा म्हणाल्या, "पण ते निदान काही कामाचं तरी आहे का?"

हे सुखदेवरावांना झोंबलं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात ती फ्रेम आली.

झालं असं, की खडकीला त्यांच्या जुन्या क्वार्टर्सजवळच्या विहारासाठी प्रियदर्शनी नावाच्या मुलीनं बोधिवृक्षाचं मोठं चित्र काढलं होतं, चांगलं जेवणाच्या टेबलाएवढं. बुद्धपौर्णिमेला ते भिंतीवर लावायचं होतं. फ्रेम बुधवार पेठेतून करून आणू, असं विहाराच्या बैठकीत महिला मंडळाचं ठरत आलं होतं. तेवढ्यात सुखदेवराव उभे राहिले. "विकतची? मी जिवंत असताना?"

जयाबाईंनी डोळे मिटून घेतले. घरी आल्यावर उघडले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पैज लावू. चारही कोपऱ्यांतल्या सांध्यात दाढीचं ब्लेड शिरता कामा नये. नाही शिरलं, तर मशीन राहील तिथेच, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. शिरलं, तर जागा गाडीची."

"मंजूर," सुखदेवराव म्हणाले. "ब्लेड कोण घालणार?"

"सुशीलाबाई. त्यांच्याकडे सेन्सर आहे."

दुसऱ्या दिवशी सागाच्या पट्ट्या आल्या. फ्रेमचा कोपरा जुळायचा तर दोन्ही पट्ट्यांची टोकं सारखीच तिरपी कापावी लागतात. त्यासाठी टेबल सॉवर एक मायटर असतो. खाली लोखंडी पट्टी, ती टेबलातल्या खाचेतून पुढेमागे सरकते. वर आडवी भिंत, तिला लाकूड टेकवायचं आणि ढकलायचं. सगळा मामला त्या पट्टीवर. ती खाचेत गच्च बसली तर काप सरळ, ढिली असली तर काप आपल्या मर्जीनं.

सुखदेवरावांनी आधी भंगार लाकडाचे चार तुकडे कापले आणि जुळवले. तीन कोपरे बरे जमले. चौथ्यात ब्लेड कशाला, सुशीलाबाईंचं लायब्ररीचं कार्ड गेलं असतं.

"लाकूड ओलं आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. मग म्हणाले, फरशी घालणाऱ्यानं उतार चुकवला आहे. फरशी घालणारा बिहारला परत गेला होता, त्यामुळे तो काही बोलला नाही. शेवटी त्यांनी मायटर धरून हलवला. खुळखुळला. टूलरूमच्या भाषेत याला 'प्ले' म्हणतात, आणि इथे प्ले म्हणजे अख्खं नाटक होतं.

पहिला उपाय त्यांनी कारखान्यातलाच केला. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची घडी करून पट्टीच्या बाजूला खुपसली. सिगारेट सोडून वर्षं झाली असताना घरात पाकीट कुठून आलं, हे जयाबाईंनी त्या वेळी विचारलं नाही, पण नोंद घेतली. दोन काप झाल्यावर चंदेरी गोळा होऊन बाहेर आली. मग सेलोटेप. तीही सोलून निघाली.

आता सुखदेवराव तापले. तापले की त्यांच्या तोंडून पुण्याची भाषा गळून पडते आणि मूळचं नागपूर वर येतं. "अरे, कारखान्यातून पॅक निघून आलेली पट्टी अशी झिजलीच काहून? कोणीतरी हात लावला हिले! कोणतं गाढव घासून राह्यलं होतं बे?"

सुशीलाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "भाऊ, पोलिसांत देऊ या."

"थांबा, मीच पकडतो!" टूलरूममध्ये जो तो आपल्या कानशीवरून ओळखला जातो. कुणाचे ओरखडे खोल, कुणाचे आखूड, कुणाचे कलंडलेले. सुखदेवरावांनी पट्टी उन्हात धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि साहेबाच्या आवाजात निकाल वाचायला सुरुवात केली. "हे बघा. कानस वापरली आहे. जोर जास्त, अक्कल कमी. आणि हे ओरखडे सगळे डावीकडे कलंडलेत. म्हणजे करणारा माणूस डाव..."

ते थांबले.

आख्ख्या टूलरूममध्ये डावखुरा माणूस एकच होता. कात्रजच्या या सोसायटीतही बहुधा एकच होता. गेल्या श्रावणात दमट हवेनं गंज धरून पट्टी खाचेत अडकत होती. तेव्हा एका दुपारी त्यांनीच ती कानशीनं मनसोक्त घासली होती, आणि लोण्यासारखी सरकते म्हणून स्वतःला शाबासकीही दिली होती.

जयाबाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या होत्या. "सापडलं का गाढव?"

"चौकशी चालू आहे."

"चहा देऊ का त्याला? की चौकशी संपल्यावर?"

सुखदेवरावांनी चहा घेतला. त्या चहात साखर नव्हती, पण तक्रार करायची ही वेळ नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. नवी पट्टी मागवली तर येईपर्यंत चित्र लागून जुनं झालं असतं. जागा जाणार, हे आता उघड दिसत होतं. त्यांना मशीन बाहेर प्लास्टिकच्या कागदाखाली, कावळ्यांच्या ताब्यात दिसायला लागलं. गाडी तिथे उभी असताना त्यांना एकदाही हे असं दिसलं नव्हतं.

मग त्यांनी पट्टी शिकंज्यात आवळली, टोकदार पंच घेतला आणि पट्टीच्या कडेवर हातोडीनं ठोके द्यायला बसले. एकेक ठोका पडला की पंचाभोवती लोखंडाचा बारीक फुगवटा वर येतो, आणि तेवढ्यापुरती पट्टी रुंद होते. ओळीनं ठिपके मारत गेले. रांगोळीच काढायला बसल्यासारखे दिसत होते, फक्त तोंडात शिव्या होत्या. मध्येच एक ठोका अंगठ्यावर बसला. जयाबाईंनी वरून खाली न येता विचारलं, "नख गेलं की राहिलं?" राहिलं, असं कळल्यावर त्या आत गेल्या.

पट्टी खाचेत घालून पाहिली, तर आता जाईचना. ठिपके जास्तच फुगले होते. थोडी घासावी लागणार होती. सुखदेवराव कानशीकडे बघत नुसते बसून राहिले. एवढ्या नोकरीत त्यांना कानशीची भीती कधी वाटली नव्हती.

जयाबाई खाली आल्या. कानस उचलून त्यांच्या डाव्या हातात दिली. "घासा. पण मोजून. मी इथे उभी आहे."

"तू उभी राहून काय होणार?"

"साक्षीदार."

ते दोन हात मारत, पट्टी घालून बघत, पुन्हा दोन हात. जयाबाई बोटांवर मोजत होत्या. त्यांच्या नवऱ्याला हे सगळ्यात जड गेलं. शेवटी पट्टी खाचेत बसली, पुढेमागे सरकली, आणि बाजूला ढकलून पाहिली तर हललीच नाही. सुखदेवरावांनी पुन्हा ढकलली. मग जयाबाईंनी ढकलली. "ढिम्म आहे," त्या म्हणाल्या. "बँकेतल्या कॅशियरसारखी."

पौर्णिमेच्या सकाळी फ्रेम पार्किंगमध्ये दोन स्टुलांवर आडवी ठेवली. सुशीलाबाई चष्मा पुसून, पदर खोचून, ब्लेड घेऊन आल्या. पहिल्या कोपऱ्यात ब्लेड नाही गेलं. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात नाही. चौथ्यापाशी त्या वाकल्या आणि जरा रेटा दिला.

"रेटायचं नाही!" सुखदेवराव ओरडले.

"भाऊ, मी पंच आहे. पंचाशी असं बोलतात?" त्यांनी आणखी रेटलं. कट्. ब्लेड मोडलं. सुशीलाबाईंनी अर्धं ब्लेड वर धरलं आणि म्हणाल्या, "जया, गाडी बाहेर."

जयाबाईंनी मान डोलावली. "राहू दे मशीन. ठरलं ते ठरलं." आवाजात राग नव्हता. सुखदेवरावांना राग असता तर बरं वाटलं असतं.

चित्र फ्रेममध्ये बसवलं, चादरीत गुंडाळलं, आणि सुखदेवराव रिक्षा घेऊन आले. रिक्षावाल्यानं चादरीकडे पाहिलं, रिक्षाकडे पाहिलं. "काका, टपावर बांधू का काकूंना? म्हणजे हे आत मावेल." दुसरा रिक्षावाला तर थांबलाच नाही. टेम्पोवाला फोन उचलेना. मंगळवारपासून लाकूड, कोन आणि ब्लेड यांची मापं घेण्यात गढलेल्या माणसानं रिक्षाचं माप घेतलं नव्हतं.

जयाबाई पर्समधून किल्ली काढत होत्या. "मागची सीट आडवी होते," त्या म्हणाल्या.

स्वारगेटपर्यंत त्या दुसऱ्या गिअरमध्येच गेल्या. मागून हॉर्न वाजत होते. सुखदेवराव मागे पाय दुमडून, फ्रेमला मिठी मारून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला कोपरे तपासत होते. एका सिग्नलला बाइकवाला काचेशी येऊन ओरडला, "मावशी, चालवायला येतं का?" मागून सुखदेवराव गरजले, "तुझ्यापेक्षा बरं येतं बे! पुढे पाहा!" जयाबाईंनी आरशात बघितलं. आणि तिसरा गिअर टाकला.

विहारात चित्र लागलं. लोक "जय भीम" करून जवळ येत, कोपऱ्यांवरून बोट फिरवत. सुखदेवराव प्रत्येकाला सांगत होते की सांधा हा असा हवा. कुणी तरी विचारलं, एवढं मोठं आणलंत कसं? त्यावर ते पुन्हा सांध्याबद्दलच सांगू लागले.

संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी जयाबाईंनी गाडी नेहमीसारखी झाडाकडे वळवली.

"थांब," सुखदेवराव म्हणाले आणि उतरले. पार्किंगमध्ये जाऊन त्यांनी मशीनला खांदा लावला. ते फरशीवरून किंचाळत भिंतीकडे सरकलं. आणखी ढकललं. सुशीलाबाई गॅलरीत आल्या. मशीन भिंतीला टेकलं तेव्हा सुखदेवरावांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी हातानं खूण केली. जयाबाईंनी गाडी इंचाइंचानं आत घेतली. बॉनेट, दारं, सीटा, सगळं छपराखाली गेलं. डिकी मात्र बाहेर राहिली.

"बास," सुखदेवराव म्हणाले. "तेवढी बाहेरच राहील."

"का?"

"पैज मी जिंकलोय."