अंगठेवाली

थोरलीचे हात तिच्या आजोबांवर गेले होते. रुंद पंजा, जाड बोटं, आणि अंगठा तर असा भक्कम की हातमोजे घालताना ती रडकुंडीला यायची. पण सराफाच्या दुकानातली तिची नोकरी त्याच अंगठ्यावर टिकली होती. बायका होणाऱ्या नवऱ्याला न सांगता अंगठी घ्यायला यायच्या आणि माप विचारलं की छताकडे बघायच्या. मग मालक गल्ल्यावरूनच म्हणायचे, हिच्या अंगठ्यात घालून बघा. बहुतेक पुरुषांचं बोट थोरलीच्या अंगठ्याएवढंच असतं, असा त्यांचा अठरा वर्षांचा अनुभव होता. मापाच्या कड्या ड्रॉवरमध्ये धूळ खात पडल्या होत्या. बाजारात तिला सगळे अंगठेवालीच म्हणायचे. हजारो नवरदेवांच्या अंगठ्या घालून-काढून तिची चाळिशी उलटली, पण तिचं स्वतःचं काही जमलं नव्हतं.

अशात एक दिवस समोरच्या घड्याळवाल्याने तिचा अंगठा हातात घेतला. दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला द्यायला ती गेली होती. बायको जाऊन तीन वर्षं झालेला, शांत, कमी बोलणारा माणूस. त्याने कागदाची पट्टी आधी स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळली, मग तिच्या अंगठ्याभोवती, आणि हसून म्हणाला, खरंच की, अगदी एक माप. एवढंच. पण थोरलीला तेवढं पुरलं. त्याच दुपारी तिने मधून बारीक रेघ गेलेली एक साधी अंगठी निवडली, ट्रेच्या अगदी मागे सरकवली, आणि कुणी मागितली की बुक आहे म्हणून सांगू लागली. तो विचारेल, आज नाही तर उद्या विचारेल, या आशेवर तिने पाच महिने काढले.

धाकटी बहीण रोज तिचा डबा घेऊन यायची. त्या दिवशी डबा ठेवून ती गेली नाही, काउंटरसमोरच्या खुर्चीत बसली.

"ताई, आज मला गिऱ्हाईक समज. पुरुषाची लग्नाची अंगठी दाखव."

थोरलीला आनंदच झाला. कोण गं तो, असं तिने विचारलं. धाकटीने हनुवटीनेच रस्त्यापलीकडे दाखवलं.

आईला सगळं ठाऊक होतं म्हणे. ताईला घरी सांगू नकोस, दुकानात सांग, चार माणसांत ती रडायची नाही, असं आईनेच शिकवून पाठवलं होतं. थोरली खरंच रडली नाही. तोंडातून सवयीने शब्द गेला, "माप?"

"माप कशाला? तुझा अंगठा आहे ना. त्याने तपासून घेतलंय."

काय म्हणावं थोरलीला! अठरा वर्षं जो अंगठा लोकांच्या नवऱ्यांसाठी पुढे केला, तो कुणी हातात घेतला की कशासाठी घेतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि नेमकी तीच फसली.

धाकटीला ट्रेमधली एकही पसंत पडेना. मग तिची नजर मागे गेली. ती बुक आहे, थोरली पुटपुटली. मालकांनी तिकडूनच ऐकलं. पाच महिन्यांत कोणी फिरकलं नाही, दे तिला, घरचंच गिऱ्हाईक आहे, म्हणाले. थोरलीने ती अंगठी अंगठ्यात घातली, जरा जोरातच घातली, आणि ती सांध्याच्या खाली जाऊन अडकली. ओढून निघेना. साबणाचं पाणी आणलं, मालकांनी मनगट धरलं, गिऱ्हाइकं गंमत बघत उभी राहिली. कातडं सोललं.

"जपून हं, ताई," धाकटी म्हणाली, "अंगठीला ओरखडा पडेल."

महिनाभराने लग्न लागलं. अंगठी नवऱ्याला चपखल बसली. त्याने मोठ्या कौतुकाने पाहुण्यांना मापाची गोष्ट सांगितली आणि सगळे थोरलीच्या मागे लागले, घालून दाखव. तिने घातली. हात खाली केला तशी अंगठी सुळकन निघून फरशीवर पडली. महिनाभर तिला दोन घासांपलीकडे जेवण गेलं नव्हतं. आई म्हणाली, बरं झालं, हात जरा बायकी दिसायला लागले.

मालकही पाहुण्यांत होते. दुसऱ्या दिवशी थोरली कामावर आली तेव्हा मापाच्या कड्या पुसून काउंटरवर मांडलेल्या होत्या आणि तिच्या स्टुलावर दुसरी मुलगी बसली होती.

"तू आता आत डब्या पुसायला बस," मालक म्हणाले. "तुझ्या अंगठ्याचा भरवसा राहिला नाही."