कपाटातला करार सगळ्यांचा झाला

शहाडच्या आमच्या चाळीत पुनर्विकासाच्या करारावर रविवारी सह्या व्हायच्या होत्या. करार इंग्रजीत, जाडजूड, आणि प्रत एकच, सेक्रेटरींच्या कपाटात. मी ती मागितली, तर त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे सरकवली. तीत लिहिलं होतं, ‘सर्व सभासदांना कम्युनिकेट केले आहे.’ केलं काय होतं? गेटवर नोटीस. तिच्यात फक्त सभेची वेळ.

रागातच घरी येऊन वडिलांचा शब्दकोश उघडला. वडील कारखान्यातले कामगार, जन्मभर युनियनची पत्रकं काढणारे. मी अक्षरं गिरवली तीही त्या पत्रकांवरच. कोशात ‘कम्युनिकेट’ हा शब्द लॅटिनमधून आलेला, आणि मूळ अर्थ सामाईक करणे. एकाकडे आहे ते सगळ्यांचं करणं. चाळीचा नळ सामाईक असतो तसं. मग कुलपातला कागद कम्युनिकेट कसा झाला?

आईच्या नावावर खोली होती. तिच्या सहीने लेखी अर्ज दिला आणि प्रत मिळवली. रात्री बसून ती ओळीओळीने वाचली. नवी खोली याच जागेवर मिळेल असं कुठेच नव्हतं. ‘बिल्डर ठरवेल तिथे’ होतं. म्हणजे पार लांब, टिटवाळ्याच्या पुढेसुद्धा.

मी मराठीत पत्रक लिहिलं आणि झेरॉक्सला निघाले. वडिलांनी अडवलं. आमच्या घरची रीत अशी, की पत्रक आधी शेजारच्या काकूंना वाचून दाखवायचं. काकू शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी ते आपल्या शब्दांत परत सांगितलं, तरच छापायचं.

काकूंनी मला दोनदा परत पाठवलं.

“भाषण लय झ्याक हाय गं तुझं,” त्या म्हणाल्या, “पण माझी खोली कुठं हाय त्यात?”

तिसऱ्यांदा पत्रक निम्मं झालं. काकूंनी ते घडाघडा सांगितलं, तेव्हा ते दारोदार गेलं.

रविवारी सेक्रेटरींनी सगळ्यांना कळवलेलंच आहे म्हणत पेन पुढे केलं. काकू उठल्या.

“भाऊ, खोली हितंच देनार असं ह्यात न्हाई. ते लिवा, मग अंगठा देते.”

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं. पेन कुणीच घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी सुधारलेला करार आला, मराठीत, जागेच्या कलमासकट. भर सभेत तो वाचला गेला, काकूंनी तो परत सांगितला, मगच अंगठा उठवला. इतिवृत्तात सेक्रेटरींनी पुन्हा ‘कम्युनिकेट केले’ असंच लिहिलं. या वेळी ते खरं होतं, म्हणून खाली आईची सही मी स्वतः मागून घेतली.