पाचवं पान

इरशाद कुवेतहून परतला तो नव्वद सालच्या लढाईत, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिथल्या कॅम्पात एका फिटरनं त्याला पोकर शिकवला होता. पुढं तो नागोठण्याला कंपनीत क्रेनवर लागला आणि रविवारी दुपारी एस.टी.नं रोह्याला, एझ्राशेठच्या सायकलच्या दुकानात खेळायला जाऊ लागला. तिसरा गडी टेम्पोवाला विठू. डावावर चिंचोके लावायचे. ज्याचे आधी संपतील त्यानं दोघांना जेवण द्यायचं.

इरशाद मोजून खेळायचा. हातातल्या पाचांपैकी चार पानं एकाच रंगाची, म्हणजे चारी बदाम किंवा चारी किलवर असली, की पाचवं टाकून नवं मागायचं. न दिसलेली पानं सत्तेचाळीस, त्यांत कामाची नऊ. म्हणजे साधारण पाचातून एकदा कलर, पाची पानं एका रंगाची. मधे पडलेले चिंचोके आपल्या लावण्याच्या चौपटीहून जास्त असले तरच तो पुढं जायचा.

विठू मात्र असल्या हातावर बिनघोर लावायचा, आणि त्याला पान यायचं. डाव संपला की सगळे पानं उघडी करत, तेव्हा इरशाद मनात नोंद ठेवू लागला. विठू स्वतः वाटत असताना अकरा वेळा असा हात आला. आठ वेळा कलर झाला. दुसऱ्यानं पत्ते वाटले की तो बहुतेकदा हुकायचा. पत्ते एझ्राशेठचे. मग तेही सामील तर नसतील?

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात इरशादनं पेणहून तसाच निळ्या पाठीचा पत्त्यांचा नवा कॅट आणला. एझ्राशेठ चहा सांगायला उठले, विठू अजून यायचा होता. तेवढ्यात त्यानं कॅट बदलला. त्या दिवशी विठूनं स्वतः वाटताना अशा हातावर चारदा पान मागितलं. एकदाही आलं नाही.

इरशाद खूश झाला. पण परतीच्या एस.टी.त त्यानं हिशेब केला : सरळ माणूसही दहातून चार वेळा असाच ओळीनं चारदा हुकेल. हा काही पुरावा नव्हे.

घरी त्यानं जुना कॅट बायकोच्या, हलीमाच्या हातात दिला. ती ओढण्यांवर सुईनं टिकल्या लावायची, बोटं तयार.

"ह्याच्या कोपऱ्याला सुई टोचलेली हाय," ती म्हणाली. "ह्याच्या पण."

बदामाच्या प्रत्येक पानाला एक टोच, किलवरला दोन. वाटणाऱ्याच्या बोटाला वरचं पान कळणार, आणि हवं ते तो स्वतःसाठी राखून खालचं दुसऱ्याला देणार.

पुढच्या रविवारी तो तासभर आधीच रोह्याला पोचला. एझ्राशेठनी चष्मा लावून पानं चाचपली.

"हा माझा कॅट?"

"व्हय. गेल्या रविवारी मीच बदलला."

"म्हणजे आठ दिवस तुझ्या घरात होता."

"होता."

"हलीमा अजून सुईचं काम करते ना?"

"शेठ, तुम्हाला वाटतं मी टोचली?"

"मी काय बोलू? विठू हेच विचारील." त्यांनी कॅट गल्ल्यात टाकला आणि ते पंक्चर काढायला बसले.

विठू यायच्या आत इरशाद निघाला. एझ्राशेठनी विठूला काही सांगितलं का, हे त्याला कधीच कळलं नाही. तो परत खेळायला गेला नाही. श्रावणात विठू नागोठण्याच्या बाजारात भेटला.

"येत नाय आता?" विठूनं हसून विचारलं.

"शिफ्ट बदलली," इरशाद म्हणाला. विठू टेम्पोत जाऊन बसला.